त्या शॉटमध्ये भुताचा चेहरा घालू नये

मी, राजेश्वरी कृष्णात मोहिते, वय ६१, व्यवसाय सिनेमाचे छायाचित्रण, राहणार खारघर, शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे, फक्त एका जागी बसवत नाही. सोमवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे.

माझ्यामागे माझा राहता फ्लॅट धाकटी बहीण उज्वला हिचा. तिने तो खुशाल विकावा, पण भाऊबंदांना विचारत बसू नये.

कॅमेरा आणि सर्व लेन्स माझी सहायक सोनल म्हात्रे हिच्या.

आता आमचा भयपट. बोनकोडेतल्या एका घरात नायिका ओट्यावर भाजी चिरते. तिच्या पाठीमागे, पार टोकाला, अर्धवट उघडं दार. मी कॅमेरा लांब आणि खाली ठेवला, जरासुद्धा हलवला नाही. दिग्दर्शक राजवर्धन म्हणाला, "मॅडम, दारात चेहरा दाखवू. क्लोज-अप."

"चेहरा दिसला की लोक भीतीतून सुटतात. त्यांना दाराकडे बघत बसू दे."

मॉनिटरसमोरची सोनल हळूच म्हणाली, "मॅडम, काय पन दिसत नाय, तरी भ्या वाटतंय."

प्रदर्शनाआधी उलव्यात चेहऱ्याविना पहिला खेळ दाखवला, तेव्हा एका बाईंनी उठून हॉलचं दार लावून घेतलं. तरीही राजवर्धनने मला न विचारता दारात भुताचा सडका चेहरा घातला. प्रदर्शनाच्या दिवशी त्याच जागी लोक हसले. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलले नाही.

काल तो दवाखान्यात आला. तपासणीसाठी ताटकळत मी येरझारा घालत होते. तोही बाजूने चालू लागला. म्हणाला, "मॅडम, चुकलो. तुमची मूळ प्रत लोकांना दाखवायचीय."

मूळ प्रत माझ्याकडे आहे. ती मी राजवर्धन आणि सोनल या दोघांना मिळून देत आहे. एकाने दुसऱ्याला सोडून ती दाखवू नये. त्या शॉटमध्ये काहीही घालू नये, संगीतसुद्धा नाही.

आज तो परत आला, तेव्हा हे कलम मी त्याला वाचून दाखवलं. त्याने कागद घेऊन ते स्वतः पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाला, "आणि तुम्ही बऱ्या होऊन आलात तर?"

"तर प्रत माझी. तू तिकीट काढून बघायचं."

तो हसला. मीही हसले, आणि आता सही करते आहे.

सही: राजेश्वरी कृष्णात मोहिते
समक्ष साक्षीदार: १. सुधीर जाधव २. काशी ठाकूर
खारघर, नवी मुंबई, १४ जून २०२५