काशिनाथकाकांची लघवी

बाबा,

ही बाटली तुमच्यासाठी ठेवली आहे. सकाळची पहिली लघवी हिच्यात घ्या, आणि या वेळी तुमचीच. मागच्या महिन्यात तुम्ही काशिनाथकाकांची दिलीत, हे त्यांनी काल मला सांगितलं. वर आईबद्दल त्यांना म्हणालात, "हिने दिलेली किडनी आहे, कागदावर नापास व्हायला नको."

त्या रिपोर्टवर विसंबून डॉक्टरांनी बायॉप्सी पुढे ढकलली. शरीर किडनी नाकारू लागलं, तर रक्तात कळण्याआधी लघवीतल्या प्रथिनांत दिसू शकतं. आपला महिना गेला. डॉक्टरांना हे सांगायला मी पुढे जाते आहे. तुम्हाला उठवलं नाही, समोर बोलता आलं नसतं.

रक्त तपासायला द्यायचं आहे, म्हणून सकाळच्या गोळ्या न घेता सोबत आणा. बरखेड्याहून काका ऑटो घेऊन साडेसातला येतील. त्यांच्यावर ओरडू नका, ते आधीच घाबरलेत.

मीही घाबरले आहे. आई एका दुपारीत गेली, आपल्याला काहीच करता आलं नाही. तुमच्या बाबतीत अजून वेळ असेल. रिपोर्ट वाईट आला तरी आई नापास होत नाही, बाबा. या.

योगिनी