बिनवासाची लादी

सासूबाई, तोंडावर मी तुम्हाला आईच म्हणायचे, पण आज तुम्ही समोर नाही, म्हणून सासूबाई. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी सांगतेय आणि माझी सून लिहितेय, म्हणजे सुनेच्या हातून सासूच्या सासूला. मध्ये तिने स्वतःचं काही घुसडलं तर मला कळायचं नाही, तुम्ही समजून घ्या. तर बातमी अशी, की लालबागच्या आपल्या खोलीला आता कसलाच वास येत नाही. बसा आधी.

तुमची शिस्त मी विसरलेली नाही. गिरणीतली पाळी संपवून तुम्ही दारात यायच्या आणि चपला काढायच्या आधी नाक वर करायच्या. "वास खंय गो? लादी पुसलंस की नुसता पाणी दाखयलंस?" मी दोनदा पुसलेली असायची. पण फिनेलचा वास आला नाही तर लादी पुसलीच नाही, हा तुमचा कायदा. पुसल्यावर खिडकी लावून घ्यायची, वास घरात मुरला पाहिजे. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या, मोरीत फिनेल, दिवेलागणीला धूप. शेजारणी म्हणायच्या, यांचं घर जिन्यावरूनच कळतं, आणि मी फुलून जायचे. तुम्ही गेलात, गिरणीही गेली, पण ते राज्य मी चालवलं. वाढवलंसुद्धा. लिंबाचं चित्र असेल ती बाटली भांड्यांची, गुलाबाचं ती लादीची, मोगऱ्याचं ते फवारायचं. न शिकलेल्या बाईला चित्र आणि नाक पुरतं.

मग नातीला खोकला लागला. चार वर्षांची आहे, बोलायला लागली की तुमची आठवण येते, कुणाला बोलूच देत नाही. तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. मी म्हटलं, घर कुबट झालंय. फिनेल दुप्पट केलं, धूप सकाळचाही सुरू, खिडकी घट्ट. पोर आणखी खोकायची, मी आणखी पुसायचे. सून तिला घेऊन ठाकूरद्वारला माहेरी गेली, तर तिथे शिट्टी बंद. परत आणली, दुसऱ्याच दिवशी चालू. असं पुन्हा झालं, तेव्हा मुलगा जेवता जेवता ताटाकडे बघत म्हणाला, "आई, आम्ही तिकडेच भाड्याची जागा बघतोय." त्याची भाकरी संपली, माझी तशीच राहिली.

परळच्या डॉक्टरीणबाईंकडे मीही हट्टाने गेले. त्यांनी विचारलं, घरात काय काय फवारता, काय जाळता? मी ऐटीत सगळं सांगितलं. त्यांनी पेनच खाली ठेवलं. म्हणाल्या, "आजी, औषध मी देते, ते चुकवायचं नाही. पण हे सगळे वास तिच्या छातीला झोंबतायत. ते घरातून काढा आणि खिडक्या उघडा."

"आणि लादी?"

"साधं बिनवासाचं साबणपाणी पुरे."

"माझ्या सासूबाईंना चालायचं नाही."

"कुठे असतात त्या?"

"वर."

त्या बिचाऱ्या छताकडे बघायला लागल्या.

घरी येऊन मी स्वतः मोगरा, गुलाब, गोळ्या, धूप सगळं बाहेर काढलं. सून दुकानात उभी राहून बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचते. एक बाटली बिनवासाची म्हणून आणली, तर तिच्यात वास झाकायला दुसरा वास घातलेला निघाला. ती तिने परत केली. आता तीन बाटल्या आहेत, तिन्ही पांढऱ्या, तिन्ही मुक्या, चित्र नाही की वास नाही. पहिल्याच दिवशी मी कपड्यांच्या साबणाने भांडी घासली आणि दुपारपर्यंत फेस धुतला. सून म्हणाली, "आई, त्यावर लिहिलंय ना!" म्हटलं, "लिहिलंय ते तुझ्यासाठी." मग कपड्यांच्या बाटलीला जुन्या झबल्याची पट्टी बांधली, भांड्यांच्या बाटलीला काथ्या, लादीची तशीच बोडकी. देवापुढे नुसतं निरांजन आणि जास्वंद. देवाची तक्रार आलेली नाही, तुमची यायची आहे.

एका दिवसात काही झालं नाही. पण हळूहळू शिट्टी उतरली. पोरगी आता गॅलरीत धावते आणि आरडाओरडा करते, जागा बघणं थांबलं. आणि एक गंमत सांगू? बांगडा तळला की आता बांगड्याचाच वास येतो. इतकी वर्षं आपण मोगऱ्यातला बांगडा खात होतो.

सून विचारतेय, संपलं का. एक राहिलंय, ते सांगून टाकते. पलीकडची बाई अजून तुमच्याच पंथातली आहे. ती लादी पुसायला घेते तेव्हा मी वाटी घेऊन मीठ मागायला जाते आणि तिच्या उंबऱ्याशी जरा रेंगाळते. घरात मीठ भरपूर आहे. येताना वाऱ्याला उभी राहते, पदर झटकते, मगच आत येते. सूनबाईंचं पेन थांबलंय. म्हणतात, "म्हणून बरणीत मीठ मावेना होय!" घ्या. तुमच्यापर्यंत हे पत्र काही पोचायचं नाही, आणि जिला कळायला नको होतं तिनेच ते लिहून घेतलं.