चिकटलेल्या पानाची व्यवस्था

मी, मानसिंग अर्जुना सावंत, बी. कॉम., वय वर्षे चौपन्न, धंदा हळदीच्या अडत पेढीवर हिशेबनीस, मूळ राहणार कुंडल, हल्ली मुक्काम सांगली, गावभाग, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाखाली नसताना स्वहस्ते लिहीत आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी माझ्या हृदयाविषयी जे सांगितले ते मी दोनदा विचारून घेतले. दोन्ही वेळा उत्तर जुळले. माझ्यामागे माझी पत्नी सौ. अंजना व माझा धाकटा बंधू लालासाहेब यांच्यात एका चिकटवहीवरून तंटा वाढू नये, हा या लेखाचा मुख्य हेतू होय. घर व शिल्लक यांची व्यवस्था ओघाने येते.

कलम १. सांगलीचे राहते घर व पोस्टातील शिल्लक अंजनाची. आम्हांस अपत्य नाही. याबाबत कोणाचीही तक्रार उरलेली नाही. कुंडलचा माझ्या वाटणीचा मळा लालासाहेब कसतो, तो त्यालाच द्यावा. आमच्या दोघांमधला विहिरीकडचा बांध त्याने आपल्या सोयीने सरकवला होता. आता बांधाच्या दोन्ही बाजू त्याच्याच होत असल्याने तो विषय संपतो.

कलम २. लोखंडी पट्टी, डिंकाची बाटली व दोन्ही कात्र्या अंजनाच्या. पेढीवरील माझे सहकारी श्री. बाळासो यांनी मोठी कात्री एकदा नेली व तिने पत्रा कापून परत आणली. त्यांना ती पुन्हा देऊ नये. त्यांना या मृत्युपत्रान्वये काहीच मिळत नसल्यामुळे ते साक्षीस पात्र राहतात.

कलम ३. उपरोक्त चिकटवही काळ्या जाड पुठ्ठ्याची असून तीत मी वर्तमानपत्रांतील कात्रणे व कुटुंबातील छायाचित्रे चिकटवीत आलो. माझी पद्धत अशी : कात्रण पट्टीने सरळ कापावे, चोहोबाजूंनी बोटभर समास सोडावा, खाली तारीख घालावी. पुढे लढाईत कागद महाग झाला, वर्तमानपत्र पातळ झाले आणि वहीतील बरीच पाने मोकळी राहू लागली. तेव्हा अंजना म्हणाली, "आवं, पानं अशी पडीक कशाला ठेवायची? मी काय तरी पेरते." मी समासाबाहेर न जाण्याच्या अटीवर परवानगी दिली. अट पहिल्याच दिवशी मोडली. मी लक्षात आणून दिले, त्यावर ती म्हणाली, "रंग वला असतोय तवर त्यो कुणाचं ऐकत न्हाई."

तिच्या कृती येथे नोंदवणे अवश्य आहे, कारण पुढे कोणी त्यांस नासधूस म्हणेल. हळदीचे पाणी सबंध पानावर फिरवून ते वाळण्यापूर्वी ती चुन्याचे बोट टेकवते. तेवढा भाग कुंकवासारखा लाल होतो. भेंडी आडवी कापून निळीत बुडवली की फुलाचा ठसा उमटतो. तुरीचा डहाळा पानावर ठेवून खराट्याच्या काडीने तांबडी काव शिंपडली आणि डहाळा उचलला, की त्याची पांढरी आकृती मागे राहते. हळदीच्या दरांचे माझे कोष्टक या रीतीने तुरीच्या शेतात उभे आहे. ते वाचता येते. मी तपासले आहे.

कलम ४. आता तंट्याविषयी. आमच्या मातोश्री कै. अंबूबाई यांचे एकच छायाचित्र आहे. लालासाहेब पलटणीतून रजेवर आला असता त्याने तिला साताऱ्यास नेऊन ते काढवले. मी त्या वेळी मुंबईस परीक्षेस बसलो होतो. छायाचित्रात आई कॅमेऱ्याकडे न पाहता बाजूला उभ्या असलेल्या लालासाहेबाकडे पाहत आहे. यावरून ते छायाचित्र आपले आहे असे त्याचे म्हणणे असून, ते अगदीच निराधार नाही. अंजना या घरात आली त्यापूर्वी आई वारली होती. तिने सासू पाहिली ती या छायाचित्रातच.

हे छायाचित्र वहीत डाव्या पानावर व कुंडलच्या सोन्या बैलाचे उजव्या पानावर होते. दोन वर्षांपूर्वी बेंदराला लालासाहेबाने बैलांची शिंगे रंगवली आणि उरलेली हुरमुंज, म्हणजे शिंगांची तांबडी भुकटी, अळशीच्या तेलात कालवलेली, दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्यांबरोबर सांगलीस आणली. अंजनाने ती छायाचित्रातील सोन्याच्या शिंगांना जाड लावली, गळ्यात माळ काढली, पाठीवर ठसे उठवले. आईचे पान तिने कोरे ठेवले होते. जेवणे झाल्यावर आईच्या लुगड्याचा रंग लालासाहेबास विचारावा व मग त्या पानास हात लावावा, असा तिचा विचार होता.

जेवणाची पाने मांडली गेली. वहीवर आमटी सांडू नये म्हणून लालासाहेबाने ती उचलली, मिटली आणि कोपरे वळले आहेत असे पाहून तिच्यावर आपली पलटणीची लोखंडी पेटी ठेवली. पेटी चार दिवसांनी, तो कुंडलास निघाला तेव्हा हलली. शाईचे पान तोवर वाळले असते. अळशीचे तेल शाईसारखे वाळत नाही, ते धरते.

"वैनीनं आईला बैलाला चिकटवली," लालासाहेब म्हणाला.

"भावजी, वही मी मिटली न्हाई."

"सुरीनं सोडवतो."

"फाडा की. निम्मी आई तुमाला, निम्मी मला."

त्यानंतर दोन बेंदूर झाले. लालासाहेब आमच्या घरी पाणी प्यालेला नाही. त्याची पत्नी राहीबाई बाजाराला येते तेव्हा परस्पर कळते, की माझ्यामागे वही कुंडलास नेऊन पान सोडवण्याचा त्याचा निश्चय कायम आहे.

कलम ५. माझा निर्णय. रंग अंजनाचा, मिटणे लालासाहेबाचे, तेल अळशीचे. हेतू दोघांचाही वही चांगली करण्याचा होता. जोडलेली दोन पाने यापुढे एकच पान समजावीत व ती कोणी सुरी, वाफ अथवा अन्य उपायाने सोडवू नयेत.

वही अंजनाची. मात्र दरवर्षी बेंदराच्या दुसऱ्या दिवशी लालासाहेबाने सांगलीस यावे, हात धुवावेत आणि वही पाहावी. पहिल्या वर्षी जोडपानाच्या पुढील कोऱ्या पानावर अंजनाने आईचे चित्र काढावे. चेहरा तिला पाठ आहे. लुगडे कोणत्या रंगाचे, काठ कसा, कपाळावर कुंकू केवढे, हे जिवंत माणसांत लालासाहेबालाच ठाऊक आहे. ते त्याने समोर बसून सांगावे. जो प्रश्न त्या दिवशी विचारायचा राहिला तो अंजनाने आधी विचारावा. उत्तरापूर्वी पाणी द्यावे. ते त्याने प्यावे. मळा या अटीस बांधलेला आहे.

कलम ६. या दस्तात खाडाखोड नाही. दुसऱ्या पानाच्या समासात निळे फूल आहे, ते भेंडीचे. मी शाई आणावयास उठलो असता अंजनाने उमटवले. विचारले तेव्हा "लय कोरं दिसत हुतं" एवढेच म्हणाली. ते फूल पुसण्याचा मी प्रयत्न केलेला नाही. त्याच्याखाली मी सही केली असून ते या मृत्युपत्राचा भाग समजावे.

कोर्टाचे काम झाल्यावर हे कागद त्याच वहीत चिकटवावेत. सह्या सोडून बाकी सर्वत्र रंग देण्यास माझी हरकत नाही. समासाची अट मी मागे घेत आहे. तेल वापरल्यास वही उघडी ठेवावी आणि मिटण्यापूर्वी अंजना व लालासाहेब या दोघांनीही बोट लावून पाहावे.

मुक्काम सांगली
दिनांक २६ नोव्हेंबर १९४६

(सही) मानसिंग अर्जुना सावंत

वरील सही आमच्या समक्ष झाली. मजकूर आम्ही वाचलेला नाही.

(सही) बाळासो विठोबा माने, सांगली
(सही) नानासो बिराप्पा कोळेकर, कवठे महांकाळ, हल्ली सांगली