तरंगणारी अकीक कुपी

१९३४, दुसरा महिना, चौथा दिवस

तपकिरीची कुपी आतून पोखरून झाली! सांगणार कुणाला? चारचौघांत माझी जीभ टाळ्याला चिकटते. शाळा त्यापायीच सुटली.

दोन हिवाळे लागले. आजोबा जेवून घोरायला लागले की त्यांच्या कोरायच्या वाकड्या सळ्या घ्यायच्या. अकीकाचा दगड, वर वाटाण्याएवढं भोक. त्यातून कुरुंदाची पूड आणि पाणी सोडून घासत बसायचं. आतलं दिसत नाही. बोटांनी ऐकायचं.

सहावा दिवस

आजोबा गिऱ्हाइकाला सांगत होते, "दीडशे वर्षांमागच्या छ्येनलुंग बादशहाच्या वेळची तपकिरीची कुपी पाण्यावर तरंगायची! एवढी पातळ. आता तसे हात राहिले नाहीत."

धीर करून विचारलं — मी शिकू?

"तू चहा कर. पोरींच्या हाताला दगड कळत नाही."

केला चहा.

सातवा दिवस

माझी तरंगली.

अकरावा दिवस

उद्या ताओ शेठ येणार, आमची घराण्यातली, बादशहाच्या वेळची म्हणून जपलेली कुपी विकत घ्यायला. मी माझीही तबकात ठेवणार. आणि म्हणणार, "ही मी केलीय." तीनच शब्द. दिवसभर घोकतेय.

बारावा दिवस

शेठनं पाण्याचा वाडगा मागवला. आजोबांचा चेहरा पडला. आमच्याकडे पूर्वजांना पाण्यात टाकून कोण बघतं?

घराण्यातली कुपी — बुडुक! थेट तळाला. काकू छताकडे बघायला लागली.

मग शेठनं तबकातली माझी सोडली. बदकाच्या पिल्लासारखी डुलायला लागली!

"हीच ती बादशाही! म्हातारबा, लबाड आहात. आधी नक्कल दाखवून माझी परीक्षा घेता होय?"

आजोबा हसले. "गिऱ्हाइकाची नजर पारखावी लागते, शेठ."

मी तोंड उघडलं. "ही मी —"

"काय म्हणते पोरगी?"

"चहा आणू का म्हणते," आजोबा म्हणाले.

शेठ कुपी रेशमात गुंडाळत होते. "असे हात आता जन्माला येत नाहीत हो!"

त्याच हातांनी मी त्यांचा पेला भरला.

तेरावा दिवस

आजोबा जेवले नाहीत. तपकीरसुद्धा ओढली नाही.

पंधरावा दिवस

सकाळी त्यांनी सळ्यांचा अख्खा जुडगा माझ्यापुढे ठेवला.

"ती बुडाली ना, ती माझ्या हातची. तुझ्याएवढा होतो. माझ्या आजोबांनी जुनी म्हणून कपाटात ठेवली आणि मला गप्प बसवलं." मग खेकसले, "बघतेस काय? बस. पुढची घे. आणि कडा इतक्या नव्या ठेवू नकोस."

मी विचारलं, कुपीच्या बुडाला नाव कोणाचं कोरू?

"बादशहाचं."