चौथऱ्यावरची होडी

वैशाख वद्य पंचमी

बदलापूरच्या बागेत चौथऱ्यावर ठेवलेली लाकडी होडी आज पाहिली. धरणाच्या पाण्यावरून तीन पिढ्यांची माणसं, दूध, नवऱ्या मुली तिनं पलीकडे नेल्या. हा ठेवा जतन करा, असं वर्तमानपत्रात मीच लिहिलं होतं, संस्कृत विशेषणांसकट. एरवी माझं कोण ऐकतं? नेमकं हेच ऐकलं. उन्हानं फळ्या सुकल्या. फटीतून माझं बोट आरपार गेलं.

होडीचे नावाडी धर्मातात्या तिथेच होते. म्हणाले, "सायब, मासा पान्यातून काढून त्याला हार घातलात तुमी."

"परत पाण्यात सोडली तर लाकूड फुगून फटी बुजतील ना?"

"आता बुडंल."

ती फट डोळ्यांसमोरून जात नाही. तात्या तिच्यात माशाचं तेल चोळत बसले. मीही हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या. तुमचा हात लागला तेवढा बास."