शांत डोक्याचं उन्हाळी शिबिर

२२ एप्रिल, सोमवार
आजपासून राग बंद. कायमचा.

दिपमाला धुळ्याच्या बसस्टँडवर म्हणाली होती, हितेंद्र, तू कॉलेज सोडलंस त्याचं मला काही नाही, पण तुझं डोकं उठता-बसता फिरतं, तू कुठेच टिकणार नाहीस. चूक. कॉलेज मी रागात सोडलेलं नाही, तत्त्वासाठी सोडलं. एचओडीने माझं जर्नल फेकलं, मी स्टूल फेकला. हिशेब बरोबर झाला होता.

आता माझा प्लॅन. दिपमालाची मोठी बहीण सुलक्षणावहिनी आमच्याच गल्लीत, जळगावच्या मेहरूणला. शेजारच्या लीलाधरभाऊंची बायको, म्हणून वहिनी. तिचा नवल दुसरीतून तिसरीत गेलाय आणि सुट्टी लागल्यापासून मोबाइलमध्ये तोंड घालून बसलाय. फक्त संध्याकाळी मान वर करतो, मावशीला व्हिडिओ कॉल करायला. म्हणजे मी इथे जे करीन ते रोजच्या रोज धुळ्याला पोचणार.

म्हणून गल्लीतल्या पोरांसाठी उन्हाळी शिबिर, आमच्या गच्चीवर. हसत-खेळत शिक्षण. मोबाइल नाही, ओरडणं नाही. अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, दिपमालाला पटलं पाहिजे की हा माणूस टिकतो.

वडिलांना, म्हणजे आबांना, सांगितलं. आबा म्हणाले, तुले सोतालेच शिकाडानी गरज शे. मी शांत राहिलो. दार जोरात लागलं ते वाऱ्यामुळे.

२३ एप्रिल
पहिला दिवस. विषय: स्वातंत्र्य. मुलांना म्हटलं, मनाला येईल ते करा. नवलने गच्चीचा नळ सोडला. टाकी रिकामी. आबा अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत जिन्यात.

मी ओरडलो नाही. आवाज खालपर्यंत जावा म्हणून मोठा केला.

२४ एप्रिल
सकाळी मेहरूण तलावावर पक्षीनिरीक्षण. एक बगळा दिसला. नवलने त्याला चप्पल मारली. बगळा उडाला, चप्पल बुडाली. परत येताना नवल एका पायावर लंगडी घालत आला आणि बाकी पोरंही त्याच्यामागे तशीच. सुगनचंद शेठच्या दुकानापर्यंत वरात. शेठ म्हणाले, काय हितूभाऊ, सगळ्यांना एकदम काय झालं?

त्यांची नात विधी चौथीत आहे. शिबिरात येते आणि सारखी प्रश्न विचारते. मला प्रश्न आवडतात. पण उत्तर देईपर्यंत थांबायला काय होतं?

२६ एप्रिल
संताप. गच्चीवर गेलो तर शेजारच्या सुगंधाबाईंनी सगळीकडे धोतरं अंथरून ज्वारीची बिबडी, म्हणजे पापड, घातलेली. माझ्या वर्गात. मी म्हटलं, मावशी, इथे शिक्षण चालतं. त्या म्हणाल्या, मग चालू दे ना बाबा, पोरं बसव राखणीला, कावळे हाकतील.

राखण म्हणजे शिक्षण नाही हे मी त्यांना समजावून सांगितलं. समोरच्या गल्लीतले लोक बाहेर आले, ते त्यांच्या कामासाठी आले असतील.

इकडे पोरांनी अर्धी ओली बिबडी खाऊन टाकली. विधीने विचारलं, बिबड्यांच्या कडा आधी का वाळतात? मला माहीत नव्हतं. सुगंधाबाईंनी सांगितलं, कडेला पातळ असतं बाई. मग विधीने एक जाड आणि एक पातळ थापून उन्हात ठेवलं आणि सगळी पोरं दुपारपर्यंत त्याच्याभोवती पालथी. एकालाही मोबाइल आठवला नाही.

संध्याकाळी नवलने मावशीला सांगितलं, आज बिबड्यांचा प्रयोग झाला. दिपमाला म्हणाली, अरे वा. तो प्रयोग माझाच धरायला हवा. गच्ची माझी आहे.

२९ एप्रिल
आज एक गोष्ट उघडकीला आली. पोरांनी एक खेळ काढलाय. त्याचं नाव ‘सर तापले’. ज्याच्या खोडीवर मी आधी ओरडेन तो जिंकला. नवल रोज जिंकतो.

हे कळल्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. नवल रडला. खरं रडला, खेळातलं नाही. घरी जाऊन सांगेल, घरून धुळ्याला जाईल, सगळं संपेल. मी त्याला घेऊन जिन्यात बसलो. विचारलं, मी कसा झालो तर तुला आवडेल? तो म्हणाला, मला मामा नाही. वर्गात सगळे सुट्टीत मामाकडे जातात. काका खूप आहेत, ते नुसते ओरडतात. तुम्ही मामा व्हा.

एवढंच ना. मी लगेच मामा झालो. मामा शब्दात केवढं प्रेम आहे.

संध्याकाळी दिपमालाचा मेसेज. इतक्या महिन्यांनी पहिला. ‘नवलला मामा मिळाला म्हणे. छान.’ छान. पुढे पूर्णविराम होता. विचार करून लिहिलेलं वाटतं.

२ मे
खेळातून शिक्षण: नातेसंबंध. फळ्यावर झाड काढलं. वर आई, शेजारी मावशी, शेजारी मामा. नवल म्हणाला, मामांच्या जागी तुमचं नाव लिहा. मी लिहिलं. हितेंद्र आणि दिपमाला शेजारी शेजारी. बरं वाटलं.

विधीने हात वर केला. म्हणाली, मामा म्हणजे आईचा भाऊ. मावशी म्हणजे आईची बहीण. मग दिपमाला मावशी तुमची कोण?

वर्ग सोडून दिला.

विधी जाताना म्हणाली, तुम्ही तर सुलक्षणाकाकूंना वहिनी म्हणायचे. काकाच होतात की तुम्ही.

काकाच होतो. लीलाधरभाऊंकडून गेलो असतो तर वहिनीची बहीण, सरळ रस्ता होता. गल्लीतल्या तीन लग्नांत तसंच झालंय. फळा गच्चीवरून खाली पडला. कोणाला लागलं नाही.

३ मे
पोरांना सांगितलं, आजपासून मला काका म्हणायचं. शिक्षा म्हणून एकालाही बिबडी मिळणार नाही. नवल म्हणाला, मामा, चिडू नका ना. सगळी म्हणाली, मामा, चिडू नका. एका सुरात. पाढे असे कधी म्हणत नाहीत.

वहिनी पुरणाचे मांडे घेऊन आली. वहिनीच. मी वहिनीच म्हणणार. ती म्हणाली, हितूभाऊ, नवलने दहा दिवस मोबाइल मागितला नाही. मी म्हटलं, वहिनी. ती म्हणाली, आता वहिनी काय, ताई म्हण.

७ मे
वहिनीने विचारलं, अखाजीला माहेरी घेऊन जायला मला कधी मुराळी आला नाही, भाऊच नाही ना, यंदा तू चलशील का धुळ्याला? दिपमालानेच सुचवलंय.

दिपमालाने सुचवलंय. मला घरी बोलावतेय. रस्ता कोणता का असेना.

आणि मुराळी म्हणजे तरी काय, एसटीत सोबत. बॅग उचलायची, पोरगं खिडकीत बसवायचं. यात नातं कुठे येतं? आबांना हे पटेना. त्यांना समजावून सांगताना थोडा आवाज वाढला. नवा शर्ट इस्त्रीला दिला.

९ मे
जळगाव–धुळे एसटी. ऊन असं की खिडकीच्या दांडीला हात लावता येईना. एक जण माझ्या सीटवर बसला होता. मी त्याला तत्त्व सांगायला सरसावलो तर नवलने शर्ट धरला. म्हणाला, मामा, मावशीला सांगीन हं. बसलो. पुढे पारोळ्यापर्यंत उभा होतो, पण मनाने बसलेलोच.

धुळ्याला दारात नाना, म्हणजे दिपमालाचे वडील. मला पाटावर बसवलं. टोपी-टॉवेल दिला. म्हणाले, आमच्या दारात पहिल्यांदाच मुलीला घेऊन मुराळी आला. त्यांचे डोळे भरले होते. मी टोपी घातली.

ताट घेऊन दिपमाला आली. कुंकू लावलं. नवल तिला सांगत होता, मामा आता फक्त खेळात तापतात. ती म्हणाली, टिकलास की रे. मला वाटलं नव्हतं.

हेच ऐकायला सगळं केलं होतं.

१० मे, अखाजी
परसातल्या निंबाला झोका बांधला. दोर मीच बांधला. आधी सुलक्षणाताई बसली, मग दिपमाला. नाना म्हणाले, मुराळ्याने झोका द्यायचा असतो.

मी दिला. जरा जोरात गेला.

ती वरून म्हणाली, दादा, हळू.

हळू दिला.