आबांच्या नावाचं हेडिंग

३ फेब्रुवारी
भावकीच्या वंशावळीचं पुस्तक शेवटी माझ्याकडेच आलं. येणारच. कार्ल्यात कॉम्प्युटर कळणारा दुसरा आहे कोण? प्रकाशन यात्रेला. आबांना (माझे वडील, वय नव्वद) सांगितलं. म्हणाले, माजं नाव छापल्यालं कंदी बघितलं न्हाई, तेवढं बघू दे.

९ फेब्रुवारी
पुतणी स्नेहल म्हणाली, काका, प्रत्येक कर्त्याच्या नावाला हेडिंग स्टाइल लावा, अनुक्रमणिका आपोआप होते. आपोआप होणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी लावली. थोरल्या पातीला (म्हणजे शाखेला) हेडिंग वन, धाकटीला हेडिंग टू.

१७ फेब्रुवारी
प्रिंट दाखवली. धाकट्या पातीचे माऊलीभाऊ भडकले. आमची नावं बारीक का? आमी काय दत्तक आलोय? म्हटलं, सॉफ्टवेअरनं केलं. म्हणाले, मंग त्याला बैठकीला बोलवा.

१८ फेब्रुवारी, दुपारी
माऊलीभाऊंचं एकच नाव मोठं करायला गेलो, अख्खी स्टाइलच बदलली. धाकटी पाती सगळीच फुगली, थोरल्यांपेक्षा मोठी! आता थोरले बोलत नाहीत.

२० फेब्रुवारी
सरसकट हेडिंग वन. कल्पना माझी. (स्नेहलनं फक्त सुचवली.)

२ मार्च
आबांचं नाव मात्र हातानं सजवलं. बापाला काय सगळ्यांच्या रांगेत उभं करायचं? स्टाइल काढली. साइज छत्तीस, ठळक, मरून रंग, खाली दुहेरी रेघ. अर्धा दिवस गेला. स्नेहल म्हणाली, काका, स्टाइल काढू नका, नाहीतर अनुक्रमणिकेत... पुढचं ऐकून घेतलं नाही. लहान आहे.

१० मार्च
अनुक्रमणिका एका क्लिकवर! तपासली नाही. मशीन चुकत नसतं. फाइल प्रेसला दिली.

१२ एप्रिल, यात्रा
प्रकाशन झालं. दोन्ही पाती एका मांडवात. माऊलीभाऊंनी पाठ थोपटली. आबा पहिल्या खुर्चीवर. चष्मा पुसून अनुक्रमणिकेवर बोट ठेवलं आणि एकेक नाव वाचत खाली आले. त्रेसष्ट नावं. मग परत वरून सुरू केलं. मी म्हटलं, आबा, आत बघा, पान एकवीस, सगळ्यात मोठं तुमचंच आहे. म्हणाले, आसंल. पर यादीत न्हाई रं. पुस्तक मिटून शेजारच्या खुर्चीवर ठेवलं आणि चहा मागितला. पान एकवीस उघडलंच नाही.

फार वाईट वाटलं. चहा स्नेहलनंच आणून दिला.

१३ एप्रिल
दुसऱ्या आवृत्तीत आबांचं नाव यादीत पहिलं. ठरलं. भावकीत घरं चौसष्ट आहेत. पहिल्या आवृत्तीच्या पाचशे प्रती छापल्यात, त्या संपल्या की लगेच.